‘तरच’मधला च

बारावीच्या गणिताचा पहिलाच धडा तर्कशास्त्राचा. चिन्हांतलं विधान इंग्रजी वाक्यात लिहा, असे प्रश्न त्यात असतात. मी शिकवतो त्या मंद्रूपच्या पोरांना तो सोपा वाटतो. मलाही वाटायचा, म्हणूनच 5 वर्षं चुकीचा शिकवला.

एका चाचणीत मी दिलं : पी म्हणजे मोटार चालू आहे, क्यू म्हणजे लाइट आहे, ‘पी बाण क्यू’, म्हणजे ‘पी असेल तर क्यू’, वाक्यात लिहा. एकानं लिहिलं, ‘द मोटर रन्स ओन्ली इफ देअर इज पॉवर.’ मी लाल फुली मारली. ‘इफ’ ज्याला चिकटलं ते बाणाच्या आधी, हा माझा ठोकताळा; म्हणून त्याचं वाक्य मला ‘क्यू बाण पी’ वाटलं.

पोरगं पेपर घेऊन आलं. “सर, बाण खोटा कधी पडतो?”

“पी खरं आणि क्यू खोटं असलं तरच.”

“म्हणजे लाइट नसताना मोटार चालली तर. माझं वाक्य तेवढंच नाकारतंय की. काल रात्री लाइट होती, पण फ्यूज उडाल्यानं मोटार बंद. त्यानं तुमचा उलटा बाण खोटा पडतोय, माझं वाक्य नाही.”

तास संपला म्हणून सुटलो.

घरी ट्रुथ टेबल मांडून बसलो. ‘लाइट असली तर मोटार चालते’ आणि ‘लाइट असली तरच मोटार चालते’ यांतला फरक आमच्या शिवारात कुणालाही कळतो. एका ‘च’नं बाण फिरतो. मला तो फरक कळला नाही, कारण बाण म्हणजे आधी कारण, मग परिणाम, असं मीच फळ्यावर लिहीत आलो होतो. मोटारीमुळं लाइट येत नाही, म्हणून मोटारीकडून लाइटकडं जाणारा बाण मला उलटा वाटे. बाणाला कारणाशी देणंघेणं नाही.

तशीच फजिती हत्तरसंग-कुडलला. आमच्याच तालुक्यात, भीमा-सीना संगमावर, शके 940 चा म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. वाचणारा विजयी होईल, असा त्याचा अर्थ. सहलीत मी ऐटीत पुस्ती जोडली होती, “न वाचणारा हरणार!” लेखात तसं काहीच नाही; ‘तर’चा ‘तरच’ मीच केला होता.

त्या पोराचे गुण दुसऱ्या दिवशी दिले. आधीच्या बॅचमधल्या कुणाकडं अजून तो धडा लिहिलेली वही असेल, तर ‘ओन्ली इफ’वरची माझी फुली खोडून टाका.