कच्च्या लिंबाची जागा

मुले खेळत असताना शिक्षिकेने कोठे बसावे, हा प्रश्न बालवाडीच्या कामात किरकोळ वाटतो. परंतु गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे सतरंजी सोडून खुर्ची धरावी लागलेल्या शिक्षिकेपुढे तो नव्याने उभा राहतो, कारण बाहेर बसल्यावरच तिला दिसते की भातुकली, म्हणजे चिमुकल्या भांड्यांनी मांडलेला लुटुपुटीचा संसार, तिच्यावाचून अधिक रंगते. पाच वर्षांची मुलगी पानात वर मीठ, डावीकडे चटणी आणि उजवीकडे भाजी वाढते. हा क्रम शाळेचा नव्हे, घरच्या पंगतीचा असतो. तीन वर्षांचे पोर वाढलेले पान तुडवून गेले, तरी ‘तो कच्चं लिंबू आहे’ एवढ्यावर त्याची सुटका होते. ज्याला खेळात घेतात पण ज्याच्यावर राज्य देत नाहीत, असा लहानगा म्हणजे कच्चे लिंबू. तो बघून बघून पक्का होतो.

नेमक्या अशा वेळी ‘किती पोळ्या झाल्या गं?’ असे विचारण्याचा मोह शिक्षिकेला आवरत नाही, आणि विचारले की मुलगी पोळ्या मोजू लागते, पाहुणे पांगतात, खेळाचा पाठ होतो. हाच प्रश्न पाहुणी होऊन, आवाज बदलून विचारला तरी मुले बाईंना ओळखतातच. आणि मुळीच विचारला नाही, तर आपण केले काय, ही रुखरुख उरते.

मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीतील पालक चिमुकल्यांचे सवंगडी होताना दिसले, तर राजस्थानातील ढोल की पट्टी येथे खेळणे हे मुख्यतः मुलांचे आपापसातले काम होते. मोठ्यांनी खेळात उतरणे हा बालस्वभावाचा नियम नसून एका समाजाची रीत आहे, एवढे यावरून मानता येते. तरीही बाईंवाचून खेळ अडतो, या समजुतीत शिक्षिकेचा मोठा अहंकार सुखावतो, आणि तो गुडघेदुखीनेही जात नाही.

खेळ जसा बाईंवर अडत नाही, तसा महागड्या खेळण्यांवरही अडत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी या गावी काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या. आजच्या चकचकीत शिशुवर्गांत प्लॅस्टिकचा ओटा असतो, पण वयानुसार तुकड्या पाडल्यामुळे वाढणारी ताई एका खोलीत आणि कच्चे लिंबू दुसऱ्या खोलीत, अशी फारकत होते. बालवाडी निवडताना पालकांनी खेळण्यांची यादी मागू नये. तीन वर्षांच्या मुलाला पाच वर्षांच्या मुलांत खेळू देतात का, एवढे विचारावे.