झाडीपट्टींतील पहिली रात्र

माझ्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत असतात. तिकडे वसंत ऋतु लागला, कीं बेसबॉल नांवाच्या चेंडूफळीच्या खेळाचा मोसम सुरू होतो, आणि त्या पहिल्या दिवशीं चांगलीं पोक्त माणसेंही कचेरीची रजा काढून क्रीडांगणावर जाऊन बसतात, असें त्यांनीं एकदां मोठ्या कौतुकानें कळविलें होतें. तें वाचून मला हंसूं आलें. असा पहिला दिवस, किंबहुना पहिली रात्र, आमच्या गोंदिया जिल्ह्यांतही दर वर्षीं येते, आणि तिची वाट पाहणाऱ्या वेड्यांत प्रस्तुत लेखकाचीही गणना होते. फरक इतकाच, कीं आमचा मोसम भाऊबिजेच्या सुमारास सुरू होतो, आणि तो खेळाचा नसून नाटकांचा असतो.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील वनप्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. येथील मुख्य पीक धानाचें. दिवाळीच्या आगेंमागें हलकें धान कापणीस येतें, शेतकऱ्याच्या हातीं चार पैसे येण्याचीं चिन्हें दिसूं लागतात, आणि गांवोगांव मंडई भरूं लागते. मंडई म्हणजे भाजीबाजार, असें पुण्यामुंबईकडील वाचक समजतील. येथें मंडई म्हणजे गांवची एका दिवसाची जत्रा. सासुरवाशिणी माहेरीं येतात, सोयरेधायरे जमतात, उपवर मुलामुलींचीं स्थळें सुचविलीं जातात, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग बाजारांत लागतात. आणि रात्रीं दहाअकराच्या सुमारास जें नाटक उभें राहतें, तें पहांटेपर्यंत चालतें. पूर्वीं गांवचे पुरुषच दंडार करीत व स्त्रियांचीं सोंगेंही तेच घेत. पुढें गांवच्या हौशी मंडळींनीं नाटकें बसविलीं. आतां गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा येथें कंपन्यांचीं बिऱ्हाडें असतात, आणि गांवचें मंडळ त्यांना विसार देऊन रात्र ठरवितें. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें, १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ पुण्यास झालें. त्या पिढ्यांचे लोक रात्र रात्र जागून नाटकें पाहत, हें आपण आजोबांच्या तोंडून ऐकलें. तें जागरण पाहावयाचें असेल तर इकडे यावें. २०२३ सालीं ह्याच रंगभूमीवरील परशुराम खुणे ह्या नटास सरकारनें पद्मश्री दिली, तेव्हां दूरच्या लोकांस झाडीपट्टीचें नांव प्रथम कळलें.

येथें एक कबुली देणें भाग आहे. तीस वर्षांहून अधिक काळ मीं ह्याच जिल्ह्यांत संस्कृत शिकविलें. मंडईचे दिवस आले, कीं वर्गांतील निम्मीं डोकीं बाकांवर टेकलेलीं दिसत. ‘देव’ शब्द चालवावयास सांगावा, तों द्वितीया गांठण्यापूर्वींच मुलाला डुलकी यावी! कालिदास-भवभूति पढविणाऱ्या माझ्या मनांत त्या नाटकांविषयीं तुच्छताच होती. झोंपलेल्या मुलांस मीं बाकावर उभें केलें, त्याची गणती नाहीं. सेवानिवृत्त झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्यानें फारच आग्रह केला म्हणून एकदां गेलों, आणि पहांटे परतलों तो भक्त होऊनच. करोनाच्या सांथीनें २०२० चा मोसम बुडविला, तो सोडला तर पहिली रात्र मीं चुकविलेली नाहीं.

गेल्या वर्षीं पुण्याहून बारा वर्षांचा नातू सुटीस आला होता. त्यासही बरोबर घेतलें. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अर्जुनी हें स्टेशन आहे. तेथून नवेगांव बांधाच्या बाजूस आंत आमचें तें गांव. हा मुलूख तलावांचा. पुष्कळ तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं बांधलेले, आणि त्यांच्याच पाण्यावर पुढच्या बांध्या पिकतात. वाटेनें दुतर्फा कापलेल्या धानाच्या कडपा वाळत पडलेल्या होत्या. दृश्य रम्य खरें. पण आभाळ भरून आलेलें होतें, आणि कापलेल्या कडपांस पाऊस लागला तर दाण्यास कोंब फुटतात, हें मला ठाऊक होतें. यजमान वेशीवरच भेटला. नाटकाच्या मंडळांतही तो होता आणि त्याची दोन एकरांची कडपही बांधींतच पडलेली होती. पायां पडून तो म्हणाला, “या जी गुरुजी. आज पानी नाही आला पायजे, बस.” पाऊस न यावा अशी त्याची इच्छा धानासाठीं होती कीं नाटकासाठीं, हें मीं विचारलें नाहीं.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत पहिल्या प्रयोगाची कथा सांगितली आहे. इंद्रध्वजाच्या उत्सवांत तो प्रयोग चालला असतां विघ्नांनीं नटांची वाणी, हालचाल व स्मरण हीं खिळवून टाकलीं. इंद्रानें ध्वजदंडानें त्यांस झोडपलें, आणि मग विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवून घ्यावें लागलें. म्हणजे पहिल्या रात्रीची धाकधूक देवांनाही सुटली नाहीं. त्याच ग्रंथांत पुढें प्रयोगावरील दैवी आपत्तींत वारा, अग्नि, पाऊस, सर्प ह्यांबरोबर हत्तीही सांगितला आहे. शिकवितांना त्या हत्तीची मीं थट्टा करीत असें. पण २०२१ सालीं छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यांत उतरला व २०२२ सालीं आमच्या ह्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांतही येऊन गेला. तेव्हांपासून मी ती थट्टा करीत नाहीं.

साडेदहास घंटा झाली. कनातींनीं वेढलेला शामियाना भरून गेला होता. पुढें खुर्च्या, मागें सतरंज्या व घरून आणलेलीं घोंगडीं. त्यांवर आज्यांच्या मांडीवर निजलेलीं पोरें. रंगमंचासमोर ऑर्गन व तबला. पडदा वर गेला आणि नांदी सुरू झाली, त्या क्षणीं माझ्या छातींत जें होतें, तें वर्णन करणें ह्या वयास शोभणार नाहीं. नाटक कौटुंबिक होतें. नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलत, आणि विनोदी गडी मात्र अस्सल झाडी बोली. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो व विदूषक प्राकृत, तोच हा न्याय! नायकाच्या पदास ‘वन्समोअर’ मिळाला. पहिल्या अर्ध्या तासांत खुर्चींत चुळबुळ करणारा नातू खाली सतरंजीवर पोरांत जाऊन बसला होता.

दोनच्या सुमारास, मुलगी घर सोडून निघते त्या प्रवेशांत, कापडावर टपटप आवाज झाला. मंडळाचे चिटणीस रंगमंचावर आले आणि नटांस हातानें थांबवून म्हणाले, “पानी लागला जी. ज्याच्या कडपा बांधीत असन त्यानं जावा. नाटक थांबते, सरत नाही.” शे-दोनशे पुरुष गलबला न करितां उठले. स्त्रिया व पाहुणे जागच्या जागीं राहिले. ऑर्गनवाल्यानें त्यांच्यासाठीं एक भजन धरलें. मोसमाचें पहिलें नाटक अर्ध्यावर टाकून जाण्याचें माझ्या मनांत नव्हतें, हें प्रामाणिकपणें लिहितों. पण यजमान ताडपत्री खांद्यावर टाकून निघालेला दिसला आणि मला बसवेना. नातवास घेऊन मी त्याच्या मागोमाग गेलों.

माझ्यानें ओझें उचलवत नव्हतें; मी धुऱ्यावर विजेरी धरून उभा राहिलों. यजमान, त्याचे दोन भाऊ, त्यांच्या मालकिणी आणि आमचा पुणेकर नातू असे सर्वजण भिजत्या कडपा गोळा करून उंचवट्यावर रचीत होते. ताडपत्री ओढून झाली तेव्हां निम्म्याहून थोडें अधिक धान वांचलें होतें. बाकीचें पावसाचें.

दम घेतांना यजमान सहज बोलून गेला, “गुरुजी, तुम्ही मले एकदा बाकावर उभा केला होता, आठवते का जी? त्या रातीही असाच पानी लागला होता. नाटक पाह्यलोच नाही मी. बाबासंगं बांधीत होतो.”

“अरे, मग तेव्हां बोलला कां नाहींस?” मीं विचारलें.

“तुम्ही इचारला नाही जी,” तो म्हणाला. बोलण्यांत तक्रार मुळींच नव्हती. विजेरी माझ्या हातांत होती. ती मीं जरा दुसरीकडे वळविली.

साडेतीनच्या सुमारास आम्ही परतलों. माणसें ओल्या अंगानें आपआपल्या जागीं बसलीं. मागून कोणीतरी ओरडलें, “तोच प्रवेश पुन्हां होऊं द्या!” कंपनीनें मुलगी घर सोडून निघते तो प्रवेश मुळापासून पुन्हां केला. पडदा पडला तेव्हां उजाडून बराच वेळ झाला होता. गाडींत नातू माझ्या खांद्यावर निजला. त्यास उठविण्याचें मला धैर्य झालें नाहीं.

ह्या वर्षींही भाऊबीज झाल्यावर मी जाणार आहें. वाचकांपैकीं कोणास यावयाचें असेल त्यांनीं घोंगडी बरोबर आणावी, आणि जमल्यास एक विजेरीही.