वरण पातळ करू नका

आहारतज्ज्ञ म्हणून माझं बहुतेक काम वस्त्यांमध्ये आणि अंगणवाड्यांमध्ये चालतं. हाताशी पैसे कमी असले की घरोघरी एकच गोष्ट घडते: वरण पातळ होतं. भात-भाकरी तेवढीच राहते, चहाची साखर सुटत नाही. डाळ मात्र निम्म्यावर येते. काटकसर करायचीच असेल तर ती इथून सुरू करू नका, एवढंच मला कळकळीनं सांगायचं आहे.

हिशेब पाहा. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटात माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम. गहू-तांदळातून त्यात जेमतेम 15 ग्रॅम प्रथिनं येतात. 55 किलो वजनाच्या माणसाला रोज सुमारे 45 ग्रॅम लागतात. ही तूट नुसता भात वाढवून भरत नाही. धान्यात लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी पडतं, ते धान्यातून मिळतं. म्हणून पिठलं-भाकरी आणि मुगाची खिचडी हे स्वस्तातलं उत्तम जेवण आहे.

तूरडाळ महागली तर तिच्यासाठी अडून बसू नका. मसूर, मटकी, कुळीथ, हरभरा, कुठलंही घ्या. प्रत्येकात शेकडा 20च्या आसपास प्रथिनं असतात. मटकीला मोड आणले तर क जीवनसत्त्व वाढतं आणि लोह अंगी लागायला मदत होते. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत एका अंड्याइतकी प्रथिनं असतात.

कॅल्शियमसाठी आठवड्यातून काही दिवस नाचणीची भाकरी किंवा आंबील करा. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात सुमारे 120. माठ, तांदुळजा, चाकवत, शेवग्याचा पाला यांपैकी जे स्वस्त मिळेल ते रोज पानात असू द्या. त्यावर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा टाळा. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. बी-12 मात्र डाळ-भाजीतून मिळत नाही. त्यासाठी थोडं दही, अंडं किंवा कोकणात सुकट लागतेच.

यासाठी पैसा आणायचा कुठून? मुलाच्या हातातला रोजचा 10 रुपयांचा पुडा महिन्याला 300 रुपये नेतो. तेवढ्यात दोन किलो हरभरा डाळ सहज येते. भाजलेले चणे आणि गूळ त्याच मुलाला आवडतात, फक्त ते डब्यात तयार हवेत.

आणखी एक. घरची बाई शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला भाताबरोबर पातेल्याच्या तळाचं पाणी येतं. गरोदर असो वा नसो, तिची वाटी आधी भरून बाजूला ठेवा. यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही.

घरानं एवढं केलं तरी सगळा भार त्याच्यावर टाकणं बरोबर नाही. अन्नसुरक्षा कायद्यानं तांदूळ, गहू आणि भरडधान्याचा हक्क दिला, डाळीचा दिला नाही. रेशनच्या दुकानात दर महिन्याला डाळही हक्कानं मिळाली पाहिजे. ही मागणी ग्रामसभेत आणि वॉर्डाच्या बैठकीत आपण सगळ्यांनी लावून धरायला हवी.