ऊन तर आपल्याकडेही आहे

परवा वाशीमच्या बसस्टँडवर एका माजी विद्यार्थ्याची आई भेटली. म्हणाली, "सर, पोरगं स्पेनच्या कॅनरी बेटावर राहाले चाललं. बारा महिने चांगलं ऊन असते म्हणे तिथं. ऊन तं आपल्याइथंबी हाये, मंग एवढ्या लांब काहून?"

मला उत्तर सुचलं नाही. पोरगा पुण्याच्या कंपनीत संगणकाचं काम करतो. २०२० च्या टाळेबंदीत तो गावातूनच काम करायचा. रेंजसाठी गच्चीवर बसायचा, लाईट गेली की काम ठप्प!

दुसऱ्या दिवशी वर्गात नकाशा लावला. ही बेटं आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, अटलांटिक महासागरात आहेत. परदेशी कंपनीचं काम स्पेनमध्ये राहून करणाऱ्यांसाठी तिथल्या सरकारने २०२३ पासून वेगळा व्हिसा सुरू केलाय.

पण मुलं रमली ती लान्झारोते बेटाच्या गोष्टीत. तिथे १७३० ते १७३६ ज्वालामुखी धुमसत राहिला, शेतं राखेखाली गाडली गेली. पाऊसही अगदी कमी. तरी शेतकऱ्यांनी राखेत खड्डे खणून द्राक्षवेली लावल्या, कारण ती राख ओल धरून ठेवते. एक मुलगी म्हणाली, "सर, आपली काळी मातीसुद्धा लाव्ह्याचीच ना?" अगदी बरोबर!

त्या माऊलीला आता सांगेन, पोरगा नुसत्या उन्हासाठी जात नाही. ऊन आपल्याकडे आहे, मातीही आहे. न जाणारी लाईट आणि रेंज तेवढी हवी. मुलांना जायची वाट आपण दाखवूच. परतीची वाट तयार ठेवणं हेही आपलंच काम, नाही का?