गोळा करणारा गडी

खेळात सगळ्यांना शिकारी व्हायचं असतं. नाशिकला हॉस्टेलवर रात्रीची जेवणं उरकली की लॅनवर ‘वॉरक्राफ्ट ३’ लागायचा. कुणीतरी ‘आयलंड ट्रोल ट्राइब्ज’चा मॅप टाकला की पहिलं भांडण ठरलेलं, शिकारी कोण होणार. शिकारी गेला की जादूगार जायचा, मग चोर, मग जनावरं माणसाळवणारा. गॅदरर, म्हणजे गोळा करणारा, कुणी हौसेनं घेत नसे. मी घ्यायचो, तोही सगळ्यांच्या आधी. पोरांना वाटायचं, जव्हारकडच्या जामसर गावचा आहे, भिडस्त आहे.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. ब्लिझर्ड कंपनीनं ‘वॉरक्राफ्ट ३’ 2002 साली काढला आणि त्याच्यासोबत नकाशे बनवायचं साधनही देऊन टाकलं. हौशी लोकांनी त्यावर स्वतःचे खेळ रचले. पुढे जगभर गाजलेला ‘डोटा’ त्यातलाच. ‘आयलंड ट्रोल ट्राइब्ज’ही तसाच, फुकट वाटला गेलेला. बेटावर दोन-तीन टोळ्या असतात. अंगातली ऊब सतत उतरत जाते, ती शून्यावर आली की माणूस मेला. म्हणून शेकोटी हवी, तिच्यासाठी काड्या, गारगोटी आणि पेट घेईल असा पाचोळा हवा. सांबराएवढं जनावर मारायचं, भाजून खायचं, कातड्याचे कपडे करायचे, आणि हे सगळं दुसऱ्या टोळीनं आपल्याला गाठायच्या आत. शेवटी जी टोळी उरेल ती जिंकली.

यात गॅदररच्या अंगात बळ नाही. लांडगा अंगावर आला तरी त्याची पंचाईत होते. त्याला दिलंय ते रडार. कळ दाबली की छोट्या नकाशावर ठिपके उजळतात: इथे काडी, तिथे दगड, पलीकडे अळंबी, ओढ्याकाठी औषधी मुळी. खेळत खेळत वरच्या पायरीला गेलात तर उचललेली वस्तू थेट शेकोटीपाशी जाऊन पडते, वाहून न्यायची कटकटच नाही. ज्यानं हा मॅप बनवला त्यानं गोळा करणाऱ्याचं भलंच करायचं मनात धरलं असणार. पण मला पहिल्याच आठवड्यात वाटलं की या कामातली निम्मी गंमत त्यानं काढून घेतली आहे.

आमच्याकडे हे काम बायकांचं. जव्हार तालुक्यात जून उजाडला की आजीचं लक्ष आभाळाकडे कमी आणि बांधाच्या कडेकडे जास्त असे. पहिल्या पावसानं जमीन भिजली की शेवळं वर येतात. कोंब म्हणाल तर जांभळट-तपकिरी, आतला दांडा कोवळ्या मक्याच्या कणसासारखा. दोन-तीन आठवडे मिळतात, मग पानं फुटतात आणि भाजीचा खेळ संपतो. तोडायला सोपी. चाकूसुद्धा लागत नाही, बुडाशी बोट घालून मुरगळलं की हातात येतात. पण शेवळं घशाला खाजतात, चांगली खाजतात. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. त्यामुळे वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, आणि भाजीत काकडं घालायची. काकडं म्हणजे काकड नावाच्या झाडाची लहान आवळ्याएवढी, हिरवी, आंबट फळं. ठेचून त्यांचा रस शिजताना घातला की खाज मरते. तीही नेमकी त्याच दिवसांत धरतात. म्हणून आजी शेवळाच्या जागी आधी जायचीच नाही. आधी काकडाच्या झाडाखाली. तिथे हाती काही लागलं तरच पुढची वाट.

ठाण्याच्या बाजारात शेवळाची जुडी काकडांशिवाय विकणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. ‘काकडं नकोत, नुसती भाजी द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक मात्र पाहिलंय. त्या घरी रात्री काय झालं असेल, देव जाणे.

ही एक गोष्ट खेळातही जशीच्या तशी होती, आणि तिच्यामुळेच मी गॅदररला चिकटून राहिलो. नुसता पाचोळा कामाचा नाही, नुसती गारगोटीही नाही. नवखा खेळाडू रडारवर दिसेल ते उचलत सुटतो, कारण उचलणं हेच आपलं काम असा त्याचा समज असतो. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये अंगावर सहा वस्तू मावतात, सातवी नाही. पाच दगड आणि एक अळंबी घेऊन शेकोटीपाशी आलेल्या गॅदररला टोळीनं काय म्हणावं? वस्तू मोजण्यापेक्षा जोड्या मोजाव्या लागतात. शिकाऱ्याचा भाला कुठवर आला, त्याला पुढे काय लागेल, आग किती वेळ टिकेल, हे डोक्यात ठेवून बाकीचं आहे तिथेच राहू द्यायचं. जागा लक्षात ठेवायची. माझ्या खोलीतला एक मित्र कायम शिकारी व्हायचा आणि कायम ओरडायचा, ‘अरे, काडी आण!’ तो ओरडायच्या आधी काडी त्याच्या पायाशी पडलेली असली की मला जो आनंद व्हायचा, तो त्याला अस्वल मारून होत नसणार. अर्थात हे त्याला कधी पटलं नाही.

रडारचं दुखणं वेगळंच. खेळात नव्या वस्तू बेटावर कुठेही उगवतात. कालची जागा आज उपयोगाची नाही, म्हणून रडार लागतं. जामसरच्या रानात उलटं आहे. तिथे अळंबी येतात त्या वारुळावर, आणि बहुतेक त्याच वारुळावर, वर्षानुवर्षं. वारुळाच्या पोटात वाळवी या बुरशीची शेती करते आणि तिलाच पावसाळ्यात वर छत्र्या फुटतात. वारूळ शाबूत असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा. फक्त दिवस गाठता आला पाहिजे. सकाळी उमललेली अळंबी उन्हं वर येईपर्यंत किड्यांची होते, दुसऱ्या दिवशी तर कुणाचीच नाही. कुठल्या वारुळावर कधी जायचं हे ज्या बाईला ठाऊक असतं ती ते पाड्यावर सांगत फिरत नाही. लेकीला सांगते, सुनेला थोडी वाट पाहून. हे सगळं कुणी एका कळीखाली दाबून ठेवलं तर गोळा करणाऱ्याकडे उरतं काय? नुसते पाय.

पायांचंही काम त्या खेळानं संपवलं. वस्तू आपली आपण शेकोटीला जाते म्हणजे डोक्यावरच्या पाटीचं वजन गेलं, चढ गेला, ओढ्याला पाणी वाढल्यावर घ्यावा लागणारा वळसा गेला. आणि वस्तू घरी पोचल्यावर जे सुरू होतं ते तर खेळात नावालाही नाही. कडू कंद घ्या. पहारीनं खणून काढायला अर्धा दिवस जातो, पण खरं काम त्याच्यानंतरचं. सोलायचा, पातळ चकत्या करायच्या, राख लावून उकडायचा आणि टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, तेव्हा कुठे त्याचा कडूपणा आणि विषारीपणा उतरतो. घाईनं खाल्ला तर माणूस आजारी पडतो. करांद्याचं इतकं नाही, तो उकडून मीठ लावला की झाला. दोघांतला फरक वेलाच्या पानावरून ओळखता यायला हवा, तोही पानं पिवळी पडून गळायला लागलेली असताना.

हे सगळं हौसेसाठी चालत नव्हतं, हे सांगायलाच हवं. आमच्या भागात भात, नागली, वरई हाती येईपर्यंत दसरा-दिवाळी उजाडते, आणि आषाढ-श्रावणात घरातली कणगी तळ दाखवते. 1992 साली याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली आणि जव्हारचं नाव राज्यभर झालं ते त्या कारणानं. दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाआधी परत येतात आणि त्याच रिकाम्या महिन्यांना सामोरी जातात. त्या महिन्यांत घर चालायचं ते रानभाज्यांवर, खेकड्यांवर, कंदांवर. जगून दाखवण्याचा खेळ गादीवर बसून, चहा पीत खेळताना मला हे आठवायचं. त्यानं खेळायची मजा कमी झाली नाही. पण ऊब संपत आली की बाकीची पोरं हसायची तसं मला हसता आलं नाही.

2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क या बायकांना दिला. कागदावर तो गॅदररच्या रडारपेक्षा मोठा आहे. फक्त वारूळ फुटलं आणि काकडाचं झाड सरपणात गेलं तर तो हक्क कशावर बजावायचा, हे कायद्यात लिहिता येत नाही.

आता आम्ही मित्र वर्षातून एखाद्या रात्री जुना मॅप काढतो. नवीन कुणी सोबत असला आणि शिकारी घेण्यात हरला तर त्याला माझ्या हवाली करतात. मी त्याला सुरुवातीला रडार लावू देत नाही. शेकोटीच्या भोवती मोठा फेरा मार, काही उचलू नकोस, काय कुठे पडलंय ते मला तोंडी सांग. पोरं वैतागतात. तोवर शिकारी ओरडायला लागलेला असतो, काडी कुठेय, काडी कुठेय. मग मी त्या नव्या गड्याला विचारतो, काडी राहू दे, त्याच्याकडे गारगोटी आहे का ते पाहिलंस?