आधी कोणते?

चिमाजी आप्पांची गोष्ट वसईत कोणाला ठाऊक नाही? किल्ला पडेना तेव्हा आपले मस्तक तरी तोफेने आत उडवा असे ते म्हणाले, ही आख्यायिका आम्ही शाळेपासून ऐकत आलो. पण यंदा इतिहासाच्या तासाला सरांनी फळ्यावर किनाऱ्याचा नकाशा काढला आणि ती मोहीम मला प्रथमच समजली. १७३७ साली साष्टी मिळाली, वसई मात्र राहून गेली. १७३९ च्या आरंभी आप्पा उत्तर कोकणात उतरले ते एकदम वसईवर धावले नाहीत. आधी माहीम, तारापूर घेतले. तिकडे व्यंकटराव घोरपड्यांनी गोव्यात घुसून पोर्तुगीजांना तिथेच गुंतवले, म्हणजे कुमक येण्याची पंचाईत. मग फेब्रुवारीत वेढा. मार्चमध्ये नादिरशहाने दिल्लीत कत्तल केली, तरी वेढा उठला नाही. मे महिन्यात किल्ला शरण आला. मस्तकाची गोष्ट सगळे सांगतात. घोरपड्यांची कोणी सांगत नाही.

तास संपला तरी मी त्या नकाशाकडेच पाहत होतो. त्याला कारण घडले होते दिवाळीच्या सुट्टीत.

माझे वडील वालीवच्या एका गाळ्यात सुपरवायझर आहेत. पॉवर प्रेसवर पत्र्याचे ब्रॅकेट काढायचे काम. सुट्टीत त्यांना टायफॉईड झाला आणि शेठने आठ दिवस मला त्यांच्या खुर्चीवर बसवले. कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच. वही, चलाने, टेम्पो, एवढे काय जमणार नाही, अशी माझी घमेंड! वडिलांनी वहीत कामे लिहून दिली होती. सर्वांत वर होते, ‘दोन नंबरचा क्लच.’

पण वही बोलत नाही, फोन बोलतो. एका पार्टीचा माल सकाळी हवा, दुसरीचा काल हवा होता, तिसरी तर ऑर्डरच रद्द करायला निघालेली. जो मोठ्याने ओरडे त्याचा माल मी आधी काढी. दोन नंबरवरचे मामा दोनदा म्हणाले, “मशीन मध्येच डबल मारते रे.” मी म्हटले, “मामा, एवढा टेम्पो जाऊ द्या, मग फिटरला बोलावतो.” टेम्पो गेला, दुसरा लागला. चौथ्या दिवशी प्रेसने डबल मारला आणि मामांच्या उजव्या हाताची दोन बोटे पेरापासून गेली. त्या वेळी मी फोनवरच होतो.

वडील रागावतील अशी माझी खात्री होती. त्यांनी एवढेच विचारले, “मामांनी फोन केला होता का तुला?”

“नाही. ते समोरच होते.”

“म्हणून राहिले,” ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे अजून वाटते.

वडील बरे होऊन गाळ्यात गेले त्या दिवशी मीही सोबत होतो. तीन पार्ट्यांचा माल अडला होता. दोन नंबर बंदच ठेवून त्यांनी फिटरला निरोप धाडला आणि मामांच्या विम्याचे कागद भरायला घेतले. फोन सारखा वाजत होता. त्यांनी तो टेबलावर पालथा घातला आणि मला म्हणाले, “मामांचे पूर्ण नाव लिही. नीट अक्षरात.”