पहिला पास

बास्केटबॉलच्या संघात पाच खेळाडू असतात, असं नियमांच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. माझ्या विद्यार्थिदशेत आमच्या कॉलेजच्या संघात बास्केट करायला पळणारे चारच असत. पाचवा मी. उंची पाहून मला सेंटरच्या जागी उभं केलं होतं. उंची आजोळकडून मिळाली, वेग मात्र कोणत्याच घराण्याकडून मिळाला नाही. प्रतिपक्षाचा नेम चुकला, चेंडू रिंगवरून उडाला, की तो दोन्ही हातांनी ओढून घ्यायचा आणि बाजूच्या रेषेजवळच्या गार्डकडे फेकायचा, एवढं माझं काम. मग 'पळ, पळ!' आणि 'ओडु, ओडु!' असा दुहेरी कल्लोळ उठे. (आमच्या बेळगावच्या मैदानावर या दोन भाषांचं भांडण मी कधी पाहिलं नाही. जिच्यात पास लवकर मिळेल ती राजभाषा.) चौघे पलीकडे पोचेपर्यंत मी मधल्या रेषेपाशी असे, आणि आमची बास्केट नेहमी चार पाठींच्या फटीतून बघत असे.

याला फास्ट ब्रेक म्हणतात. समोरचे परतून आपापल्या जागा घेण्याआधीच, आपले तिघे आणि त्यांचे दोघे अशा अवस्थेत, रिंग गाठायची. याच्या उलट हाफ कोर्टचा खेळ. पाचही जणांना पुढे येऊ द्यायचं, जागा धरायच्या, चेंडू हातोहात फिरवायचा आणि फट पडेपर्यंत दम धरायचा. यातलं श्रेष्ठ कोणतं यावर आम्ही कँटीनमध्ये जेवढा चहा संपवला, तेवढं पाणीही मैदानावर प्यायलो नसू. आमचे प्रशिक्षक फास्ट ब्रेकवाले. त्यांचा हिशेब सरळ होता: लांबून नेम कुणाचाच नाही, तेव्हा रिंगखाली एकट्याने पोचून टाकलेला ले-अप हाच खात्रीचा. मी हाफ कोर्टच्या पक्षाचा, कारण तिथे चेंडू माझ्याकडे परत येई. यात लपवण्यासारखं काय आहे? जो तो आपल्या जागेवरूनच खेळ बघतो.

हा वाद जिथे खऱ्या अर्थाने रंगला ती अमेरिकेतली कॉलेजं. नेस्मिथ यांनी १८९१ साली स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला, आणि पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मध्यभागी नेऊन पुन्हा उडी घेतली जाई. तिथल्या कॉलेजांनी १९३७ मध्ये ही प्रथा सोडली, आणि खेळाला पाय फुटले. थांबण्याला मात्र सीमा नव्हती. मार्च १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनिया यांच्या सामन्यात एकीकडे मायकेल जॉर्डन, दुसरीकडे राल्फ सॅम्पसन. पण डीन स्मिथ यांच्या नॉर्थ कॅरोलायनाने अखेरची कितीतरी मिनिटं चेंडू नुसता धरून ठेवला आणि सामना ४७-४५ असा जिंकला. १९८५-८६ च्या हंगामापासून तिथे ४५ सेकंदांचं घड्याळ आलं. आता ते ३० वर आहे. आपण आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतो, तिथे २००० सालापासून २४ सेकंद.

हे जुने सामने आता मोबाईलवर बघायला मिळतात, आणि परीक्षेचे पेपर तपासायचे असले की ते मला हटकून आठवतात. लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट कॉलेजचे प्रशिक्षक पॉल वेस्टहेड हे शेक्सपिअर शिकवणारे गृहस्थ (आमच्या इंग्रजी विभागाने नोंद घ्यावी). चेंडू हातात आला की काही सेकंदांत नेम, हा त्यांचा दंडक. १९८९-९० मध्ये त्यांच्या संघाने सामन्यामागे सरासरी १२२ गुण केले. पण मला त्यातला हँक गॅदर्स बघायचा होता. १९८८-८९ मध्ये सगळ्या देशात सर्वाधिक गुणांची सरासरी त्याची, आणि सर्वाधिक रिबाउंडचीही त्याचीच! म्हणजे चेंडू ओढून घेणारा, पहिला पास देणारा आणि पलीकडे जाऊन बास्केटही करणारा एकच. माझ्या कँटीनमधल्या वकिलीला हा साक्षीदार चांगलाच महागात पडला असता. ४ मार्च १९९० रोजी हृदयविकाराने तो सामना चालू असताना कोसळला आणि गेला. वय अवघं तेवीस. त्यानंतरच्या स्पर्धेत त्याचा मित्र बो किंबल दर सामन्यातला पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने टाकत होता. त्याच स्पर्धेत त्यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्या मिशिगनला १४९-११५ असं हरवलं. ती धावपळ बघताना मला तिच्यावर टीका सुचत नाही.

पण जीव माझा प्रिन्स्टनमध्ये गुंततो. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, त्यामुळे नामांकित खेळाडू सहसा येत नाहीत. पीट कॅरिल यांनी एकोणतीस वर्षं अशा मुलांना चेंडू फिरवायला शिकवलं. त्यांचा सेंटर रिंगखाली धक्काबुक्की करत बसत नाही. फ्री थ्रोच्या रेषेजवळ येतो, चेंडू घेतो, आणि कोण कुणाच्या पाठीमागून निसटतो ते बघतो. मार्च १९९६ मध्ये, कॅरिल यांच्या अखेरच्या हंगामात, समोर आदल्या वर्षीचा विजेता यूसीएलए होता. ४१-४१ अशी बरोबरी, अखेरचे काही सेकंद. सेंटर स्टीव्ह गुडरिचच्या हातात चेंडू. गेब लेव्युलिस पाठीमागून निसटला, पास मिळाला, बोर्डला लावून बास्केट. ४३-४१. तो पास मी किती वेळा पाहिला असेन!

आमच्या मुलींच्या संघाचा सराव मी अधूनमधून बघतो. त्यांची सेंटर माझ्याच कुळातली: उंच, हात चांगले, पाय संथ. रिबाउंड घेते, पहिला पास देते, चौघी पळतात. परवा मात्र पाहिलं, ती थांबली नाही. आपल्या गतीने निघाली. पुढे फट मिळाली नाही तेव्हा गार्डने चेंडू रिंगकडे न फेकता जागच्या जागी ड्रिबल करत ठेवला, ही फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत पोचली, आणि चेंडू तिच्या हातात आला. अशा उशिरा येणाऱ्यासाठी जागा राखायची पद्धत डीन स्मिथ यांच्या संघांतही होती. आमच्या मैदानापर्यंत ती तेव्हा पोचली नव्हती. सराव संपल्यावर मी तिला विचारलं, "तेवढं पळायला जमतं का गं?"

"उशीर होतोय सर," ती म्हणाली, "पण थांबतात की त्या."